मार बसला की लोकसेवक, पगार मागितला की मानसेवी: सरकारी कर्मचारी कोण, हे कायद्यात एकदा नीट लिहायला नको का?

सेविकेची_लेक
खूप दिवस मनात होतं, आज लिहितेय, लांबेल थोडं पण वाचा. माझी आई २६ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. मागच्या महिन्यात धाकट्या भावाच्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेत गेलो होतो, फॉर्मवर नोकरीचा रकाना होता, सरकारी, निमसरकारी, खाजगी, व्यवसाय, इतर. आईने 'सरकारी'वर टिक केली. काउंटरवरच्या माणसाने ती खोडून 'इतर'वर केली आणि म्हणाला मावशी तुम्हाला मानधन असतं, पगार नसतो. तो उर्मट नव्हता, नियमाने बरोबरच बोलला, पण आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि मी त्या रात्रीपासून हा विषय वाचत बसलेय.

ती काय करते ते सांगते. सकाळी मुलांची हजेरी, खिचडी, गरोदर बायकांच्या नोंदी, दर महिन्याला वजनं-उंची, पोषण ट्रॅकरवर माहिती भरणं (रेंज नसली तर शाळेच्या गच्चीवर जाऊन), लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाऊन बायकांना घेऊन येणं, आणि निवडणूक जवळ आली की मतदार यादीचं काम. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि अजून तिला 'योजना'च म्हणायचं.

कायदा बघायला गेलं तर २००६ साली सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या अमीरबी प्रकरणात सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे नागरी पद नाही, भरतीचे नियम नाहीत, निवडणूकसुद्धा लढवता येते, त्यामुळे सरकारी कर्मचारी नाही. ठीक. पण मग २०१८ च्या मार्चमध्ये आपल्याच सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा, संप करायचा नाही! विधानसभेत गदारोळ झाला म्हणून त्याला स्थगिती मिळाली, पण लावला तर होता ना. संप करताना आम्ही इतक्या महत्त्वाच्या की आमच्यावाचून राज्य थांबेल आणि निवृत्तीचं विचारलं की आम्ही मानसेवी, गावासाठी हौसेने काम करणाऱ्या.

माझं म्हणणं एवढंच, राज्य ज्याला नेमतं, ज्याच्यावर हुकूम चालवतं, ज्याला पैसे देतं आणि ज्याला काढू शकतं तो राज्याचा कर्मचारी, अशी एकच व्याख्या कायद्यात लिहा आणि सगळीकडे तीच लावा. सोयीप्रमाणे दोन व्याख्या नकोत.

पूर्वपरीक्षा_पेठ
ताई, काकूंच्या कामाबद्दल आदर आहे, माझी मावशीही अंगणवाडी मदतनीस आहे. पण तुमच्या व्याख्येला माझा पूर्ण विरोध आहे आणि तो का ते मनापासून सांगतो. मी पुण्यात पाच वर्षं एमपीएससी करतोय, खोलीत चौघं, अभ्यासिकेची फी, मेसचा डबा, घरी वडिलांची अडीच एकर जिरायत. माझ्यासारखी लाखो मुलं एका जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली असतात. सरकारी पद ही कोणाच्या कामाची पावती नाही हो, ते सगळ्यांचं आहे, राज्यघटनेचं कलम १६ म्हणतं की सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी. म्हणजे जाहिरात, परीक्षा, बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, त्याचा तक्ता), आरक्षण, मेरिट. जो त्या दारातून आला तो सरकारी कर्मचारी. तुम्ही व्याख्या कामावरून केली की उद्या कोणीही साहेब आपल्या भाच्याला ११ महिन्यांच्या ऑर्डरवर घेईल, दहा वेळा ती वाढवेल आणि मग म्हणेल की बघा हा राज्याचं काम करतोय, राज्य पैसे देतंय, करा कायम. २००६ च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नेमकं हेच थांबवलं. मागच्या दाराने आलेल्याला नियमित करणं म्हणजे बाहेर रांगेत उभ्या असलेल्याचा हक्क मारणं. तो रांगेतला मी आहे.

सेविकेची_लेक
आई मागच्या दाराने आलेली नाही. गावात जाहिरात लागली होती, ती त्याच गावची रहिवासी असणं सक्तीचं होतं, मार्कांवर यादी लागली, चार बायकांतून तिची निवड झाली. दार सरकारनेच बांधलं आणि आता म्हणतात ते दारच नव्हतं.

लालपरी_वाहकाचा_मुलगा
मला हा धागा अगदी जवळचा आहे. वडील एसटीत कंडक्टर. काही वर्षांपूर्वी सुट्ट्या पैशांवरून एका प्रवाशाने त्यांना कानाखाली मारली, स्टँडवरच्या लोकांनी धरून त्याला पोलिसात नेलं, तिथे ३५३ लागलं (आता नव्या संहितेत १३२ आहे ते), सरकारी कामात अडथळा, लोकसेवकावर हल्ला. फौजदार साहेब वडिलांना म्हणाले काळजी करू नका, तुम्ही लोकसेवक आहात. आणि ते खरंच आहे, परिवहन महामंडळाच्या १९५० च्या कायद्यातच लिहिलंय की महामंडळाचे कर्मचारी हे दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक.

आणि मग २०२१ चा संप आला. विलीनीकरण पाहिजे, राज्य सरकारचे कर्मचारी म्हणून घ्या, एवढीच मागणी. ९० हजारांच्या आसपास माणसं, पाच महिन्यांहून जास्त, घरात पगार नाही, आम्ही दिवाळी कशी काढली आम्हालाच माहीत. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती बसली आणि तिचं उत्तर आलं, विलीनीकरण शक्य नाही. कारण तुम्ही महामंडळ, वेगळी कायदेशीर व्यक्ती. शेवटी हायकोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये २२ तारखेपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं आणि सगळे परतले.

पेठवाल्या भावा, माझे वडील जाहिरातीतूनच लागलेत, परीक्षा देऊन, आरक्षणासकट. तुझं दार ते ओलांडून आले. तरी ते सरकारी नाहीत. मग दाराचा मुद्दा कुठे राहिला? आणि शक्य नाही असं म्हणू नका कोणी, आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२० पासून तिथल्या परिवहन महामंडळाच्या ५० हजारांवर कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं. एका कायद्याने झालं.

मॅटवाली_वकील
मी गेली चौदा वर्षं मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सेवाविषयक केसेस लढते. धागा वाचून राहवलं नाही. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सुट्या करते.

पहिली, राज्यघटनेत 'सरकारी कर्मचारी' या शब्दाची व्याख्याच नाही. कलम ३०९ म्हणतं सेवाशर्ती कायद्याने किंवा नियमांनी ठरवा. ३१० म्हणतं राष्ट्रपती वा राज्यपालांची मर्जी असेतोवर नोकरी. आणि ३११ त्या मर्जीला लगाम घालतं, नेमणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याला बडतर्फ करता येणार नाही, आणि आरोप सांगून, चौकशी करून, म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही. हे सगळं कोणासाठी? 'नागरी सेवेतला' किंवा 'नागरी पद धारण करणारा' माणूस. आता नागरी पद म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही. आपले १९७९ चे वर्तणूक नियम बघा, त्यात शासकीय कर्मचारी म्हणजे राज्याच्या कारभाराशी संबंधित नागरी सेवेत किंवा पदावर नेमलेली व्यक्ती. म्हणजे पद सरकारी असेल तर माणूस सरकारी, आणि पद सरकारी कधी, तर फिरून तिथेच.

म्हणून कोर्टांनी कसोटी तयार केली. १९६७ चं कनकचंद्र दत्त प्रकरण, आसाममधला मौजादार, म्हणजे गावागावांतून महसूल गोळा करणारा माणूस, त्याला ठराविक पगारही नव्हता, वसुलीवर कमिशन. तरी कोर्टाने सांगितलं ते नागरी पद आहे. बघायचं काय, तर निवड कोण करतं, नेमतं कोण, कामाच्या पद्धतीवर ताबा कोणाचा, मोबदला कोण देतं, निलंबित आणि बडतर्फ कोण करू शकतं. सगळे मुद्दे एकत्र बघायचे, एकच एक निर्णायक नाही. १९७७ मध्ये याच कसोटीवर टपाल खात्याचे ते 'अतिरिक्त विभागीय' पोस्टमास्तर, दोन-तीन तास काम करणारे, तेही नागरी पदावर आहेत असं ठरलं. म्हणजे सेविकेची लेक म्हणतेय ती व्याख्या हवेतली नाही, ती जवळजवळ शब्दशः याच निकालांत आहे. अमीरबीत ती तिच्या आईच्या बाजूने लागली नाही, हे खरं.

दुसरी गोष्ट, लोकसेवक हा शब्द फौजदारी कायद्यातला. तो मुद्दाम रुंद ठेवलाय, कारण त्याचं काम दोनच, लाच खाणाऱ्याला पकडणं आणि काम करणाऱ्याला मारापासून वाचवणं. तो तरी सरळ आहे का? अंतुलेंचं प्रकरण आठवा, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं आमदार हा दंडसंहितेच्या कलम २१ खाली लोकसेवक नाही. पुढे १९८८ चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदा आला, व्याख्या मोठी झाली आणि १९९८ मध्ये नरसिंह राव प्रकरणात खासदार लोकसेवक ठरले. त्या व्याख्येत येतो म्हणून आमदार पेन्शन विभागाच्या दृष्टीने शासकीय कर्मचारी होत नाही, आणि कंडक्टरही नाही. हेतू वेगळा म्हणून व्याख्या वेगळी. एकच व्याख्या सगळीकडे लावा म्हणालात तर एक तर लाचखोर सुटतील नाहीतर ३११ चं कवच नको त्यांनाही मिळेल. इथे मी ताईंच्या विरोधात आहे.

तिसरी गोष्ट कोणीच बोललं नाही आणि ती सगळ्यात महत्त्वाची. रोशनलाल टंडन, १९६७. कोर्ट म्हणालं सरकारी नोकरीची सुरुवात कराराने होते, पण एकदा रुजू झालात की तो करार राहत नाही, तो दर्जा होतो. दर्जा म्हणजे तुमचे हक्क आणि कर्तव्यं तुमच्या सहीवरून नाही, नियमांवरून ठरतात, आणि ते नियम सरकार तुम्हाला न विचारता बदलू शकतं. लग्नासारखं समजा, करता तुम्ही आपल्या मर्जीने, पण नवरा-बायकोचे कायदेशीर हक्क तुम्ही आपसात बसून ठरवत नाही. हे नीट समजून मग दर्जा मागा.

आस्थापना_शाखा
वकील मॅडमनी बरोबर दुखणं पकडलं. मी महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यातली अकरा वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे लोकांच्या सेवापुस्तकांतच माझी नोकरी गेली. मुलांनो, तुम्ही बाहेरून सरकारी शिक्का बघता, आतल्या साखळ्या दिसत नाहीत. पोलिस कोठडीत ४८ तासांच्या वर राहिलात की निलंबित, गुन्हा सिद्ध होवो न होवो. सरकारविरुद्ध पेपरात लिहायचं नाही, राजकीय सभेला जायचं नाही, घर घेतलं तर कळवा, मतदान सोडून राजकारणाशी संबंध नाही. संपाचं तर २००३ च्या तामिळनाडूच्या निकालात कोर्टाने स्पष्ट सांगितलं, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही, नैतिकसुद्धा नाही. अंगणवाडीच्या बायका आणि एसटीवाले आज कामगार म्हणून कामगार न्यायालयात जातात, मान्यताप्राप्त युनियन करतात, ते सगळं सरकारी झाल्यावर हातचं जाणार.

आणि पेन्शन? सगळ्यांना वाटतं सरकारी म्हणजे पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ ची तारीख लावून सरकारने एका फटक्यात नव्यांची जुनी पेन्शन बंद केली. कोणाला विचारलं? नाही. कारण दर्जा. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी 'एकच मिशन जुनी पेन्शन' म्हणत रस्त्यावर आले तेव्हा कुठे समिती बसली.

तरीही मी ३११ च्या बाजूने उभा राहीन, शेवटपर्यंत. कारण मी एक तलाठी बघितलाय, नाव गाव सांगत नाही, वाळूच्या गाड्या धरल्या म्हणून त्याच्यामागे लागले होते लोक. खोटी तक्रार झाली, निलंबन झालं, डीई म्हणजे खातेनिहाय चौकशी लागली. शिस्त व अपील नियमांतल्या नियम ८ ची पूर्ण चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी झाली आणि तक्रारदार तिसऱ्या प्रश्नाला गडबडला. नियम नसता, नुसता करार असता, तर एक महिन्याची नोटीस देऊन त्याला घरी पाठवलं असतं आणि पुढच्या तलाठ्याने गाडीकडे बघितलंही नसतं. तो दर्जा त्या तलाठ्याच्या पोटासाठी नव्हता, गावच्या नदीसाठी होता.

चाकण_उद्योजक
काका, एका तलाठ्यामागे असे दहा जण सांगतो ज्यांना हेच कवच वाचवतं. माझ्या कारखान्याच्या एका परवानगीसाठी आठ महिने घातले, टेबलावर फाईल तशीच, शेवटी लाच मागताना एकजण पकडला गेला, निलंबित झाला, निर्वाह भत्ता घेत घरी बसला आणि काही वर्षांनी परत हजर, दुसऱ्या टेबलावर. मी माझ्या कामगाराला असं वागलो तर चालेल का आणि तो माझ्याशी असं वागला तर मी ठेवेन का? तुम्ही लोक दर्जा अजून लाखो जणांना द्यायचा म्हणताय, मी म्हणतो आहे त्यांचा काढा. सगळे करारावर आणा, पाच वर्षांचा करार, काम चांगलं तर पुढे. कर आम्ही भरतो.

आस्थापना_शाखा
तुमचा राग रास्त आहे आणि डीई वर्षानुवर्षं चालतात हा माझ्या खात्याचा दोष आहे, तो मी मान्य करतो, चौकशी अधिकारी मिळत नाही, सादरकर्ता अधिकारी बदलून जातो, कागद सापडत नाहीत. पण काढता येत नाही हे खरं नाही. ३११ मध्येच तीन वाटा ठेवल्यात, गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणं व्यवहार्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर चौकशीविना बडतर्फी होते. मे २०२१ मध्ये मुंबई पोलिसांतल्या एका सहायक निरीक्षकाला त्याच दुसऱ्या वाटेने घरी पाठवलं, साऱ्या देशाने वाचलं. आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये शिक्षेच्या टप्प्यावरची दुसरी संधीही काढून टाकली, म्हणजे पूर्वीपेक्षा सोपंच झालंय. कायदा कमी नाही साहेब, तो वापरणारा हात कमी आहे. आणि पाच वर्षांचा करार म्हणता, मग तुमची फाईल ज्याच्या टेबलावर आहे तो पुढच्या कराराच्या सहीसाठी कोणाकडे बघेल? तुमच्याकडे नाही बघणार.

कंत्राटी_ऑपरेटर
मी एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात डाटा एन्ट्री करतो, नऊ वर्षं. माझा साहेब सरकारी, खुर्ची सरकारी, पासवर्ड सरकारी, ऑर्डर मात्र एजन्सीची, आणि एजन्सी तीनदा बदलली, मी तोच. दर वेळी नव्या एजन्सीने नवा रुजू दिनांक टाकला त्यामुळे कागदावर माझी नोकरी कधीच दोन-तीन वर्षांच्या वर जात नाही. हजेरी साहेब घेतात, रजा साहेब देतात, पण काढलं तर सांगतात आमचा तुमचा संबंध नाही, एजन्सीला विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्स्यांमार्फत भरतीचा जीआर निघाला तेव्हा पेठेतली मुलं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला, चांगलं झालं, पण जे आधीपासून आत आहेत त्यांचं काय याबद्दल तेव्हाही कोणी बोललं नाही. ताईंच्या आईला निदान नेमणूकपत्रावर सरकारची सही तरी आहे.

पूर्वपरीक्षा_पेठ
दादा, त्या जीआरच्या विरोधात मी होतो, अलका चौकात. तुमच्याविरुद्ध नव्हतो, ज्याने तुम्हाला नऊ वर्षं असं ठेवलं त्याच्याविरुद्ध होतो. माझं म्हणणं परत मांडतो, जरा नीट. तुम्हाला समान पगार मिळालाच पाहिजे, २०१६ मध्ये जगजित सिंग प्रकरणात कोर्टाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन म्हणून सांगितलंय, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. ग्रॅच्युइटी, विमा, रजा, बाळंतपणाची रजा, सगळं द्या. पण दर्जा, म्हणजे कायम पद, ते जाहिरात काढूनच भरलं पाहिजे. आणि ज्या जागेवर तुम्ही नऊ वर्षं बसलात ती जागा नऊ वर्षं जाहिरातीत का आली नाही? कारण तुमच्यावर भागत होतं. तुमचं स्वस्त असणं हेच माझी जाहिरात न निघण्याचं कारण आहे. आपण दोघं एकाच गोष्टीने मेलोय.

मॅटवाली_वकील
हे वाक्य मी कोर्टात वापरेन. उमादेवीबद्दल एक भर घालते, लोक अर्धाच निकाल सांगतात. मंजूर पदावर, पात्रता असलेल्या, फक्त प्रक्रियेत त्रुटी असलेल्या आणि कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम केलेल्यांना एकदाच नियमित करा, असंही त्याच निकालात आहे. सरकारी वकील पहिला भाग वाचतात आणि बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात, केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकामासारखी कामं करणाऱ्यांचं प्रकरण होतं ते, सुप्रीम कोर्टाने हेच बोलून दाखवलं की उमादेवीचा वापर ढाल म्हणून चाललाय, आणि त्यांना नियमित करायला सांगितलं.

अजून एक गुजरातचं सांगते, रमणलाल सोनी, १९८३. ग्रामपंचायत आणि नगर पंचायतीतले कर्मचारी, सरकार म्हणत होतं हे आमचे नाहीत, पंचायतीचे. हायकोर्टाने त्यांना राज्याचे कर्मचारी ठरवलं. अपील चालू असताना सरकारने काय केलं, तर कायदाच बदलला आणि तोही पूर्वलक्षी, म्हणजे तुम्ही कधी सरकारी नव्हतातच असं. सुप्रीम कोर्टाने तो बदल रद्द केला. म्हणाले एकदा मिळालेला दर्जा मागच्या तारखेने पुसता येत नाही. रोशनलालमध्ये मी सांगितलं की सरकार नियम बदलू शकतं, तर ही त्याची सीमा. पुढचं बदला, मागचं पुसू नका.

राईनकाठचा_मराठी
जर्मनीतून लिहितोय, बायको इथे शाळेत शिकवते म्हणून हे जवळून बघितलंय. इथे दोन सरळ वर्ग आहेत. एक 'बेआम्टं', त्याच्या हातात नेमणुकीची सनद दिली जाते, त्यावर ठराविक शब्द असावे लागतात, ते शब्द नाहीत तर नेमणूकच नाही. दुसरा करारावरचा सरकारी नोकर, त्याला युनियनचे वेतनकरार लागू. राज्यघटनेच्या कलम ३३ मध्ये लिहिलंय की राज्याची सत्ता वापरायचं काम नेहमीसाठी पहिल्या वर्गाकडे द्यावं. त्याला पेन्शन, जवळजवळ न हलणारी नोकरी, पण संप बंद, २०१८ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने शिक्षकांच्या बाबतीतही तेच सांगितलं आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही ते मान्य केलं.

पण सगळं सरळ आहे असं समजू नका. एकाच स्टाफरूममध्ये एक शिक्षिका बेआम्टं आणि शेजारची करारावर, काम तेच, हातात पडणारी रक्कम वेगळी. बर्लिनने २००४ मध्ये शिक्षकांना तो दर्जा देणं थांबवलं, शिक्षक दुसऱ्या राज्यांत जायला लागले आणि शेवटी त्यांना परत सुरू करावं लागलं. मला इथलं आवडतं ते एवढंच की ज्या दिवशी रुजू होता त्या दिवशी कागद बघून कळतं तुम्ही कोण आहात. कोर्टात वीस वर्षांनी कळत नाही.

सेविकेची_लेक
सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. वकील ताई, तुमचं पटलं, एक व्याख्या सगळ्या कायद्यांना लावता येणार नाही. लाचेच्या कायद्याची व्याख्या रुंदच पाहिजे. मी माझं म्हणणं बदलते. सेवा कायद्यात, फक्त सेवा कायद्यात, ती मौजादाराची कसोटी लेखी आणा. निवड, नेमणूक, ताबा, मोबदला, काढायचा अधिकार, हे सगळं राज्याकडे असेल तर तो माणूस राज्याचा, असं गृहीत धरा, आणि नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करावं. आज उलटं आहे, २६ वर्षं काम केलेल्या बाईने सिद्ध करायचं की ती कोणाची आहे.

आणि पेठवाल्या दादा, तुमच्या रांगेचा मुद्दा मी आधी हलक्यात घेतला होता, तो नाही घेणार. पण आईच्या कामाला रांग कधी लावलीच नाही सरकारने, कारण रांग लावली की पद तयार करावं लागलं असतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये ग्रॅच्युइटीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अन्न सुरक्षा कायदा २०१३ आल्यापासून अंगणवाडीचं काम हे कायद्याने सोपवलेलं कर्तव्य झालंय आणि याला अर्धवेळ काम म्हणणं पटत नाही. मग अमीरबीतलं एक मोठं कारण तर तिथेच गेलं ना? पद कायद्याचं नाही असं म्हणत होते, आता काम कायद्याचं आहे. केंद्र २०१८ पासून सेविकेमागे ४५०० रुपये धरतं, आधी ३००० होते, वर राज्य आपली भर घालतं, आणि कायद्याने सोपवलेलं काम त्यात करून घेतं.

काका, साखळ्यांचं तुम्ही सांगितलंत ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली वर्तणूक नियम आम्ही आधीच पाळतो, राजकीय सभेला गेलं तर पर्यवेक्षिका विचारते, न सांगता गाव सोडता येत नाही.

मॅटवाली_वकील
कारण गेलं, पण निकाल गेला नाही, त्या खंडपीठाने ग्रॅच्युइटीपुरतंच ठरवलं, नागरी पदाचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. आणि एक लक्षात घे, आई ग्रॅच्युइटीच्या कायद्यात बसते कारण ती सरकारी पदावर नाही, सरकारी सेवा नियम लागू असलेल्याला तो कायदा लागत नाही. दर्जा मागताना हे हातचं सोडायचं नाही, आधी ग्रॅच्युइटी, मग बाकीचं. आईचं मूळ नेमणूकपत्र आहे का? झेरॉक्स नको, मूळ. त्यावर काढण्याबद्दल काय लिहिलंय आणि सही कोणाची आहे ते मला बघायचंय.

सेविकेची_लेक
आहे, पत्र्याच्या पेटीत. टाइप केलेलं, शाई फिकी झालीय. लिहिलंय की सदर नेमणूक निव्वळ मानसेवी असून कोणतेही कारण न देता संपुष्टात आणली जाईल. सही बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची, खाली गोल शिक्का, शिक्क्यात महाराष्ट्र शासन.

पूर्वपरीक्षा_पेठ
मी अजूनही म्हणतो की तुमच्या त्या 'गृहीत धरा' मध्ये एक अट घाला, जाहिरात निघून निवड झालेली असली पाहिजे. ती अट घातली तर मी तुमच्या बाजूने. काकू बसतात त्यात, एसटीवाले बसतात. ऑपरेटर दादा बसत नाहीत, त्यांच्यासाठी काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

कंत्राटी_ऑपरेटर
मला जाहिरात दाखवा, मी परीक्षा देतो. वय ४१ झालंय, वयाची अट तेवढी शिथिल करा.